कथाकाराजवळ परखड वाचक हवा : तो कसा शोधावा, कसा घडवावा, कसा टिकवावा

कथा लिहिणाऱ्याला आपली कथा कागदावर जेवढी उतरली आहे तेवढीच कधी दिसत नाही. नायिकेने दार का लावून घेतले हे त्याला ठाऊक असते, त्यामुळे ‘तिने दार लावून घेतले’ एवढे वाक्य वाचतानाही त्याला तिचा राग, तिचे आदल्या रात्रीचे जागरण आणि घरातल्या माणसांचे बोलणे असा सगळा इतिहास ऐकू येतो. वाचकाला ऐकू येते ते फक्त दार. ही तफावत लेखकाला स्वतःहून कळणे फार कठीण असते. हस्तलिखित महिनाभर बाजूला ठेवून पुन्हा वाचल्याने थोडा फायदा होतो आणि मोठ्याने वाचल्यानेही होतो, पण डोक्यातली कथा पूर्ण पुसली जात नाही. ज्याच्या डोक्यात ती कथा नाही आणि जो तुम्हाला दुखावण्याच्या भीतीने गप्प बसणार नाही, असा माणूसच कागदावर काय आहे आणि काय नाही हे सांगू शकतो.

मराठी कथेला हे काम करणारे संपादक एके काळी लाभले होते. ‘सत्यकथा’ मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी कथाकारांना लिहिलेली पत्रे, सुचवलेले फेरबदल आणि त्यासाठी पुन:पुन्हा परत पाठवलेली हस्तलिखिते हा आपल्या वाङ्मयीन इतिहासाचाच भाग आहे. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. आज दिवाळी अंकाच्या संपादकाकडे थोड्या आठवड्यांत कथांचा ढीग येऊन पडतो, आणि त्याने प्रत्येक लेखकाशी तीन-तीन पत्रे लिहून वाद घालावा अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. समाजमाध्यमांवर कथा टाकली तर तासाभरात ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’ आणि जोडलेल्या हातांची चित्रे मिळतात, मात्र कथा कोठे रेंगाळली हे कोणी सांगत नाही. म्हणून ही व्यवस्था लेखकाला आता स्वतःच करून घ्यावी लागते. ती कशी करावी, याची पद्धत पुढे क्रमाने मांडली आहे.

पहिली पायरी : माणूस निवडणे

बहुतेक लेखक येथे दोनपैकी एका बाजूला घसरतात. काही जण आपल्यावर जीव असलेल्या माणसाला कथा देतात आणि कौतुक घेऊन परततात, तर काही जण एखाद्या नामवंत समीक्षकाच्या मागे लागतात, ज्याला वेळ नसतो आणि ज्याचे एक वाक्य मिळवायला सहा महिने जातात. तुम्हाला हवा असलेला माणूस जवळचा असायला हवा आणि निर्भीडही असायला हवा. जवळचा अशासाठी की तो हीच कथा तिसऱ्यांदा वाचायला तयार होईल, मागच्या चार कथांत तुम्ही काय केले होते हे त्याच्या लक्षात असेल, आणि ‘तुझ्या प्रत्येक कथेत शेवटी पाऊस का पडतो?’ असा प्रश्न तो विचारू शकेल. परका वाचक कितीही जाणकार असला तरी तुमच्या लेखनातली सवय त्याला एका कथेवरून कळणार नाही.

तो स्वतः लेखक असण्याची गरज नाही. उलट, माझ्या मते कथा आवडीने वाचणारा पण न लिहिणारा माणूस अनेकदा जास्त उपयोगी पडतो, कारण तो तुमच्या कथेच्या जागी आपली कथा रचत बसत नाही. पत्नी, पती, भाऊ किंवा बहीण हे काम करू शकतात, पण त्यांच्यासमोर तुम्हाला संध्याकाळी त्याच घरात जेवायला बसायचे असते. ही भीड मोडण्याची ताकद दोघांच्याही नात्यात असेल तरच घरच्या माणसाला या कामात ओढावे. तुमच्याकडून काही मिळण्याची अपेक्षा असलेला, म्हणजे हाताखाली काम करणारा किंवा प्रस्तावना मागायला येणारा माणूस कितीही प्रामाणिक असला, तरी त्याला निवडू नये.

निवडीपूर्वी दोन चाचण्या घ्याव्यात. पहिली अशी की त्याला दुसऱ्या कोणाची तरी छापून आलेली कथा वाचायला द्यावी आणि नंतर चहा घेताना सहज विषय काढावा. ‘भाषा ओघवती आहे, शेवट छान आहे’ एवढेच उत्तर आले, तर तो तुमच्या कथेबद्दलही तेवढेच बोलेल. ‘मधली तीन पाने मला कंटाळा आला, कारण मुलगा परत येणार हे मला आधीच कळले होते’ असे तो म्हणाला, तर त्याला सोडू नये. दुसरी चाचणी स्वतःच्या जुन्या कथेवर करावी. जिच्यातला दोष तुम्हाला आज पुरेपूर कळला आहे, अशी कथा काही न सांगता त्याच्या हाती द्यावी. तो दोष त्याला दिसतो का, आणि दिसला तर तो तुम्हाला तोंडावर सांगतो का, या दोन्ही गोष्टी तुम्हाला एकदमच समजतील.

वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोलीत संवाद असतील, तर ती बोली कानावर घेत वाढलेला एक वेगळा वाचक शोधावा. कोर्टातली तारीख, ऊसतोड, शस्त्रक्रिया असे विषय असतील तर त्या क्षेत्रातल्या माणसाला तेवढी पाने दाखवावीत. ही तपासणी झाली की त्यांचे काम संपते. कथा उभी राहते की नाही, हे त्यांना विचारू नये.

दुसरी पायरी : केव्हा द्यावे

वेळेची निवड हा मुद्दा बहुतेक मार्गदर्शनात एका ओळीत उरकला जातो, आणि माझ्या मते अर्धे नुकसान तेथेच होते. फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेर यांच्या आयुष्यात याचे अत्यंत बोलके उदाहरण सापडते. मे १८४८ ते सप्टेंबर १८४९ या काळात त्यांनी संत अँटनी यांच्या मोहपरीक्षेवर एक प्रदीर्घ रचना लिहिली आणि ती पूर्ण झाल्यावर लुई बुइये आणि माक्सिम द्यू काँ या दोन जिवलग मित्रांना क्रवासे येथील आपल्या घरी बोलावले. द्यू काँ यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की हे वाचन चार दिवस, रोज आठ तास चालले आणि संपेपर्यंत कोणी काही बोलायचे नाही असे ठरले होते. शेवटी दोघांचा निर्णय एकच निघाला : हे लेखन आगीत टाकावे आणि पुन्हा त्याचे नाव काढू नये.

मित्रांचा प्रामाणिकपणा निर्विवाद होता, पण तो इतक्या उशिरा पोहोचला की त्याचा घाव फार खोल बसला. पुढे १८५१ च्या शरद ऋतूत फ्लोबेर यांनी ‘मादाम बोव्हारी’ लिहायला घेतली, तेव्हा मांडणी पूर्ण बदललेली होती. तोच बुइये आता रविवारी क्रवासेला येई आणि आठवड्याभरात झालेली पाने दोघे मिळून ओळीओळीने तपासत. परखड वाचक तोच होता आणि लेखकही तोच, पण सोळा महिन्यांच्या कामावर एका रात्रीत निकाल देण्याऐवजी दर आठवड्याच्या पानांवर बोलणे सुरू झाले होते. ही कादंबरी १८५६ साली क्रमशः आणि १८५७ साली पुस्तकरूपाने आली. ती पहिली रचनाही फ्लोबेर यांनी जाळली नाही. तिच्यावर पुन्हा काम करून १८७४ साली ती त्यांनी प्रसिद्ध केली. जो मसुदा मित्रांनी ऐकला तो उभा राहत नव्हता, हे त्यांनी मानले, पण विषय सोडून देण्याचा सल्ला मात्र त्यांनी कायमचा मानला नाही.

यावरून आपल्यासाठी काढायचा नियम असा आहे. लघुकथा असेल तर पहिला कच्चा मसुदा कोणालाही दाखवू नये, कारण त्या अवस्थेत कथेला काय हवे आहे हे तुम्हालाच ठाऊक नसते आणि दुसऱ्याचे एक वाक्यही तिला भलत्या दिशेला नेऊ शकते. दुसरा मसुदा, म्हणजे तुमच्या परीने कथा पूर्ण झाली आहे पण अजून मोडायची तयारी आहे अशी अवस्था, ही दाखवण्याची योग्य वेळ होय. कादंबरी असेल तर मात्र शेवटाची वाट पाहू नये. दोन-तीन प्रकरणे झाली की द्यावीत. दिवाळी अंकासाठी लिहीत असाल, तर संपादकाने दिलेल्या तारखेच्या किमान एक महिना आधी कथा तुमच्या वाचकाच्या हाती पडली पाहिजे. तारखेच्या आदल्या रात्री मागितलेला अभिप्राय म्हणजे कौतुकाची विनंतीच असते, आणि समोरच्यालाही ते कळते.

तिसरी पायरी : काय विचारावे

‘कशी वाटली?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘छान’ हेच सभ्य उत्तर आहे, म्हणून तो विचारू नये. कथा छापील प्रत म्हणून द्यावी, ओळींत मोकळी जागा आणि डाव्या बाजूला रुंद समास ठेवावा, आणि वाचकाला एवढेच सांगावे की जेथे लक्ष उडाले तेथे फुली, जेथे समजले नाही तेथे प्रश्नचिन्ह आणि जेथे पात्राचे वागणे पटले नाही तेथे एक रेघ मारावी. कारणे द्यायची सक्ती करू नये. कंटाळा आला हे माणूस खरे सांगतो, पण तो का आला हे सांगायला लागला की तो कारणे रचू लागतो. प्रत देताना कथेची पार्श्वभूमी, तिची प्रेरणा, तिचा आशय यांतले काहीही सांगू नये. छापून आल्यावर तुम्ही प्रत्येक वाचकाशेजारी जाऊन बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी, प्रत समोर न घेता, त्याला कथा स्वतःच्या शब्दांत सांगायला सांगावे. या एका कृतीतून जितके कळते तितके पानभर अभिप्रायातून कळत नाही. तो कोणाला मुख्य पात्र मानतो, कोणता प्रसंग पूर्ण विसरतो, कोणती दोन प्रसंगांमधली गोष्ट त्याने मनानेच जोडून घेतली आहे, हे सारे कान देऊन ऐकावे. तुमच्या लेखी जी घटना कथेचा कणा आहे ती त्याच्या सांगण्यात आलीच नाही, तर तो महत्त्वाचा निष्कर्ष समजावा.

एक नमुना जवळून पाहू. पुढील परिच्छेद उदाहरणासाठी रचलेला आहे.

‘वसंतराव एस.टी.तून उतरले. वीस वर्षांनी ते गावात आले होते. त्यांचे मन आठवणींनी भरून आले. घर विकायचे या विचाराने त्यांचे अंतःकरण विदीर्ण झाले. समोर वडिलांचे घर उदासपणे उभे होते.’

परखड वाचकाने समासात लिहिले : ‘आठवणी कोणत्या? मला एकही दिसली नाही.’ पुढच्या वाक्याशेजारी : ‘त्यांना वाईट वाटले हे तू सांगतोस, मला अजून काही वाटलेले नाही.’ मग तीन पानांवर केवळ फुल्या आहेत. चौथ्या पानावर, जेथे दलाल दार उघडू शकत नाही आणि वसंतराव ते सवयीने उघडतात, तेथे दोनच शब्द : ‘येथे जागा झालो.’ नवी सुरुवात कशी करावी हे त्याने सांगितलेले नाही. लेखकाने पहिली तीन पाने काढून टाकली आणि कथा अशी सुरू केली :

‘दलालाने कुलूप काढले, कडी सरकवली, तरी दार उघडेना. त्याने दोनदा धक्का दिला. “पावसानं फुगलंय,” तो म्हणाला. वसंतरावांनी त्याला बाजूला केले, दार खांद्याने किंचित वर उचलले आणि आत ढकलले. दार उघडले. दलाल त्यांच्याकडे बघत राहिला. “वीस वर्षांनी आलोय,” वसंतराव म्हणाले.’

आता आठवण हा शब्दही नाही, आणि तरी त्या घरात हा माणूस लहानाचा मोठा झाला हे वाचकाला त्याच्या खांद्यावरून कळते. वाचकाने फक्त आपण कोठे झोपलो आणि कोठे जागे झालो एवढेच प्रामाणिकपणे सांगितले, आणि उरलेले काम लेखकाने केले.

चौथी पायरी : ऐकणे

या पायरीवर संपूर्ण व्यवहार टिकतो किंवा मोडतो. पहिली अप्रिय गोष्ट ऐकताना तुमचा चेहरा कसा झाला यावरून दुसरी गोष्ट तुम्हाला सांगितली जाईल की नाही हे ठरते. निर्भीड वाचक आयता मिळत नाही, तो लेखकाच्या ऐकण्याने घडतो. म्हणून वही घेऊन बसावे आणि तो म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ‘मला तेथे असे म्हणायचे होते’ हे वाक्य पूर्णपणे टाळावे, कारण ते उच्चारताच समोरचा माणूस तुमचे म्हणणे समजून घेतो, मान डोलावतो आणि पानावरची उणीव तशीच राहते. विचारायचेच असेल तर ‘नेमक्या कोणत्या ओळीला असे वाटले?’ किंवा ‘त्याआधी तुला ती कशी वाटत होती?’ असे, त्याच्या वाचनाबद्दलचे प्रश्न विचारावेत. शेवटी आभार मानून विषय बदलावा आणि त्या दिवशी कथेला हात लावू नये. राग, शरमिंदेपणा आणि सगळे फाडून टाकण्याची ऊर्मी या तिन्ही गोष्टी साधारणतः दोन दिवसांत ओसरतात.

पाचवी पायरी : अभिप्राय निवडणे

आता वहीतल्या नोंदी घेऊन बसावे. वाचकाने दाखवलेली जागा आणि त्याने सुचवलेला उपाय या दोन गोष्टी प्रथम वेगळ्या कराव्यात. जागेबद्दलची नोंद जवळजवळ नेहमीच गंभीरपणे घ्यावी. उपाय मात्र तुमचा असला पाहिजे. शिवाय जागा जेथे दाखवली आहे तेथेच दोष असेल असेही नाही. ‘शेवट एकदम आला’ ही सर्वांत वारंवार येणारी तक्रार आहे, आणि ती आली की लेखक शेवट लांबवायला घेतात. बहुधा शेवटाला आधार देणारी एखादी गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या पानावर पेरायची राहून गेलेली असते. ती तेथे एका वाक्यात आली तरी शेवट जसाच्या तसा पटू लागतो.

वाचकाला उपायही ठरवू दिले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर आणि त्यांचे संपादक मित्र गॉर्डन लिश यांच्या व्यवहारात दिसते. कार्व्हर यांच्या १९८१ साली आलेल्या कथासंग्रहाचे हस्तलिखित लिश यांनी निम्म्याच्या आसपास कापले, काही कथांचे शेवट आणि शीर्षके बदलली. जुलै १९८० मध्ये कार्व्हर यांनी त्यांना व्याकुळ पत्र लिहून प्रकाशन थांबवण्याची विनंती केली, पण पुस्तक निघाले आणि गाजले. कार्व्हर यांनी पुढे त्यांतल्या काही कथा विस्तृत रूपात प्रसिद्ध केल्या, आणि पूर्ण संग्रह मूळ स्वरूपात छापला गेला तो त्यांच्या मृत्यूनंतर, २००९ साली. कापलेल्या कथा चांगल्या की मूळच्या, यावर वाचकांत आजही दोन मते आहेत. मला त्यातून घ्यावीशी वाटणारी खबरदारी व्यावहारिक आहे : पेन्सिल वाचकाच्या हाती द्यावी, पेन कधीही देऊ नये. अभिप्राय संगणकावरच्या मूळ मजकुरात फेरफार करून मिळत असेल, तर तो छापील प्रतीवर किंवा तोंडी मागावा.

एकाच वाचकावर विसंबण्याचा दुसरा धोका त्याच्या रुचीचा आहे. ज्या ‘सत्यकथे’ने इतके कथाकार घडवले, तिच्या अंकाची १९६०च्या दशकाच्या अखेरीस लघुअनियतकालिकांच्या, म्हणजे अनियमितपणे निघणाऱ्या छोट्या नियतकालिकांच्या, तरुण लेखकांनी होळी केली, कारण एका विशिष्ट वाङ्मयीन अभिरुचीत आपले जगणे आणि आपली भाषा बसत नाही असे त्यांना ठामपणे वाटत होते. संपादक प्रामाणिक होते आणि तरुणांची तक्रारही खरी होती. तुमचा वाचक जर प्रत्येक वेळी तुमच्या गावाची भाषा, तुमच्या वस्तीतल्या शिव्या किंवा तुमच्या वर्गाचा राग ‘सौम्य’ करायला सांगत असेल, तर तो कथेबद्दल बोलत नसून स्वतःच्या सोयीबद्दल बोलत आहे, असे समजून त्या नोंदी बाजूला ठेवाव्यात. त्याच्या कंटाळ्याच्या फुल्या मात्र तरीही पाहाव्यात.

कथा सांगणाऱ्यांसाठी

शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव रुजवलेले कथाकथन आज व्यासपीठावर आणि पॉडकास्टवर पुन्हा बहरते आहे. श्रोत्यांचे हशे आणि टाळ्या हा सांगणाऱ्याला मिळणारा तत्काळ अभिप्राय असला तरी तो अपुरा असतो, कारण शांतता कंटाळ्याची आहे की गुंतल्याची, हे मंचावरून कळत नाही. तुमच्या वाचकाला शेवटच्या रांगेत बसवावे आणि घड्याळ पाहून लोक केव्हा मोबाइल काढतात, केव्हा खुर्च्या वाजतात, केव्हा पुढे झुकतात, याची मिनिटे टिपायला सांगावीत. नंतर तेच ध्वनिमुद्रण दोघांनी मिळून ऐकावे. ज्या विनोदावर दर वेळी हशा येतो तो कथेला थांबवतो की पुढे नेतो, हा प्रश्न त्याने निर्दयपणे विचारावा. हशा मिळतो म्हणून राहिलेली वाक्ये काढून टाकणे सांगणाऱ्याला सर्वांत जड जाते.

सहावी पायरी : दुसरे वाचन आणि परतफेड

पुनर्लेखन झाल्यावर पूर्ण कथा पुन्हा त्याच वाचकाला द्यावी, पण कोठे काय बदलले हे सांगू नये. जुन्या फुल्यांच्या जागा तो आता थांबल्याशिवाय ओलांडून जातो का, एवढेच पाहायचे असते. दोनदा वाचल्यानंतर त्याची नजरही शिळी होते, म्हणून तिसऱ्या वाचनासाठी, गरज असेल तरच, नवा माणूस घ्यावा. हे काम फुकट मिळते म्हणून ते हलके समजू नये. वर्षातून चार कथांपेक्षा जास्त त्याच्यावर लादू नयेत, तो आजारी असेल किंवा त्याच्या घरी लग्नकार्य असेल तेव्हा कथा पुढे करू नये, आणि तो स्वतः लिहीत असेल तर त्याचे लेखन तितक्याच चिकाटीने, समासात फुल्या मारून वाचावे. त्याच्या ज्या नोंदी तुम्ही स्वीकारल्या नाहीत, त्या का स्वीकारल्या नाहीत हे कथा छापून आल्यावर त्याला एकदा शांतपणे सांगावे. त्याला पटले नाही तरी चालेल, पण आपले म्हणणे ऐकले गेले हे त्याला समजले, तर पुढच्या हस्तलिखितावर तो पुन्हा पेन्सिल घेऊन बसेल.